हरवलेल्या डिस्का आणि क्रिनाचा वजनकाटा

माझ्याबद्दल आमच्या गल्लीत कोणी काहीही म्हणो, पण तानेके आवाज चढवते असे कोणी म्हणणार नाही. चर्चमध्ये स्तोत्र गातानासुद्धा शेजारच्या बाकावरच्या बाईला मी नुसते ओठ हलवतेय असेच वाटते. देवाला ऐकू जाते, तेवढे पुरे. हे आधीच सांगून ठेवते, कारण या सगळ्या प्रकारात माझ्याजवळ अब्रू म्हणून जे काही शिल्लक राहिले ते एवढेच.

मला फक्त एक कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आणायचा होता.

आमच्या घरात संध्याकाळचे गरम जेवण झाले की ताटे उचलायच्या आधी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचायचा, क्रमाने, रोज. माझ्या आईकडे हेच, माझ्या नवऱ्याच्या, यिलिसच्या आईकडेही हेच. आमच्याकडे यिलिस वाचायचा. त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात तो रोज जेवणाआधी माळ्यावर जाऊन बसू लागला आणि कॉम्प्युटरला अध्याय वाचून दाखवू लागला. मी विचारले तर म्हणाला, “तुला माझ्या आवाजाची सवय आहे. एकदम मोडायला नको.” माणूस भारी जपून वागणारा. त्याने त्या यंत्रात दोन डिस्का बसवल्या होत्या, दोन्हींवर तेच, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहावी. नोहाच्या तारवासारखे सगळे जोडीने.

तो गेल्यापासून मी नेम धरला : दिवसाला एकच अध्याय. पुढचा चोरून ऐकायचा नाही, मागचा उगाळायचा नाही. जेवायचे, माळा चढायचा, कळीवर बोट ठेवून उभे राहायचे, यिलिस ‘आमेन’ म्हणाला की कळ दाबायची, खाली यायचे आणि भांडी घासायची. यंदा मात्र गुडघे कुरकुरू लागले. शिवाय माझ्या मनाला हेही खात होते की अध्याय जेवणाच्या टेबलाशी व्हायला हवा. जिना चढून धापा टाकत ऐकण्यात कसले आले पावित्र्य? म्हणून म्हटले, यंत्रच खाली आणावे.

इथे मारिनुस आला. मारिनुस आमचा डावीकडचा शेजारी. आयुष्यभर पाणी-मंडळात बांधांचे काम पाहात होता, आणि समुद्राने कुठे थांबायचे हे आपणच ठरवत होतो असे त्याच्या बोलण्यावरून वाटते. उजवीकडे राहते क्रिना, त्याची सख्खी थोरली बहीण. आईच्या कपाटाच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे बंद आहे. मध्ये माझे घर आहे, त्यामुळे त्यांचे जे काही बोलणे होते ते माझ्यातून होते.

मारिनुसने कॉम्प्युटर खाली आणला, टेबलाच्या कडेला ठेवला, वायरी जोडल्या. मी कॉफी आणि डब्यातले एक बिस्किट दिले. तिथेच थांबला असता तर ही कथा झाली नसती. पण रिकाम्या हाताने बसणे पाणी-मंडळाच्या रक्तात नाही.

“सुरू व्हायला वेळ लावत असेल हा?” तो म्हणाला.

“लावतो. पण मलाही सकाळी वेळच लागतो.”

“एक सेटिंग असते. बदलली की बघ कसा पळतो.”

सुरू होताना त्याने एक कळ पटापट दाबली, निळी स्क्रीन आली. त्यात कुठेतरी डिस्कांच्या कंट्रोलरचे पर्याय होते, तीन-चार अक्षरांचे, बायबलच्या जुन्या करारातल्या दुर्लक्षित राजांच्या नावांसारखे. मारिनुसने त्यातला एक ‘ताजा’ पर्याय निवडला. यंत्र बंद होऊन चालू झाले, आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत सांगू लागले की डिस्क सापडत नाही.

“दोन आहेत,” मी हळूच म्हटले. “त्यातली एकसुद्धा नाही?”

मारिनुसने बिस्किट बशीत परत ठेवले.

आता आमच्याकडे पुढच्या खिडकीचे पडदे ओढत नाहीत. ओढले तर काय लपवलेय ते विचारायला लोक येतात, नाही ओढले तर काय दिसले ते सांगायला. क्रिना एप्रन न काढताच आली.

“तानेके, तुझ्या शेजाऱ्याला विचार, यिलिसचा आवाज कुठे घालवला म्हणून.”

“तिला सांग, आवाज कुठेही जात नाही,” मारिनुस म्हणाला. “डिस्का जागेवरच आहेत. फक्त दिसत नाहीयेत.”

“आईचं कपाटही जागेवरच आहे म्हणत होता. फक्त त्याच्या घरात.”

मी मध्ये उभी होते. त्या दोन पत्र्याच्या डब्यांत काय आहे ते त्या दोघांनाही ठाऊक होते, म्हणूनच ते इतक्या जोरात भांडत होते.

एक गोष्ट मारिनुसच्या बाजूने बोलायला हवी. त्याने पुन्हा निळी स्क्रीन काढली, एकेक पर्याय लावून पाहिला, आणि त्यातल्या एकावर यंत्र सुरळीत सुरू झाले. डिस्का दिसल्या. त्या संध्याकाळी, यिलिस गेल्यावर पहिल्यांदाच, मी टेबलाशी बसून अध्याय ऐकला. बोट कळीवर होतेच. आमेन झाले, कळ दाबली, भांडी घासली. मग रोजची घरातली फेरी मारली : दिवा, रेडिओ, पाण्याची किटली, आणि आता कॉम्प्युटर. सगळ्यांच्या पिना भिंतीतून काढल्या. हे मी आईकडून घेतले आहे. यंत्र नुसते उभे असले तरी वीज चाटत राहते, ही एक गोष्ट. आणि दिवसभर राबलेल्याला विसावा द्यावा, ही दुसरी. पिना काढते आणि मग गुडघे टेकते. माळ्यावरच्या पिनेला मी कधी हात लावला नव्हता. तो यिलिसचा मुलूख. पण खालच्या मजल्यावर माझा कायदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र म्हणाले, डिस्क सापडत नाही.

मारिनुसला बोलावले. तो दारातच थबकला. “काल तुझ्या डोळ्यांदेखत बरोबर केली मी सेटिंग.”

“केलीस रे. पण एकदा पाहतोस का परत?”

“कशाला? मी एकदा तपासून सही केलेल्या बांधावर परत कोणी गेलेलं नाही.” असे म्हणून त्याने निळी स्क्रीन उघडलीच नाही, पेचकस काढला आणि झाकण उघडले. म्हणे वायर ढिली झाली असेल. वायरी काढल्या, घातल्या, इकडची तिकडे केली. आतली धूळ फुंकली, ती माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर बसली.

क्रिनाचे म्हणणे वेगळे होते. “थंडीनं आखडलाय. माळ्यावर धुराड्याची ऊब असते. शेगडीजवळ ठेव.” शेगडीजवळ ठेवला. मग पलीकडच्या गल्लीतली, जिचे नावही मला नीट ठाऊक नाही, अशी एक बाई सायकल थांबवून खिडकीतून म्हणाली की तिच्या दिराने असाच कॉम्प्युटर कुशीवर निजवला होता. कुशीवर निजवला. डिस्का दिसल्या नाहीत.

आता माझी खरी अडचण ऐका. अध्याय गरम जेवणानंतर. नेम असा आहे. यिलिसचा आवाज नसेल तर अध्याय कसा होणार, आणि अध्याय झाला नाही तर नेम मोडला. पण गरम जेवणच केले नाही, तर अध्याय देणे लागतच नाही! हा युक्तिवाद मी पाळकांपुढे मांडायला धजले नसते, पण स्वयंपाकघरात तो बरा टिकला. त्या संध्याकाळी मी पाव आणि चीज खाल्ले. दुसऱ्या संध्याकाळीही. उगाच उठून पाणी पीत होते, बाहेर पायपुसणे झटकत होते, यंत्राजवळ जाऊन त्याच्या पत्र्यावर हात ठेवत होते, ताप पाहावा तसा. विणायला घेतलेल्या मोज्याची टाच मी दोनदा विणली.

क्रिनाच्या हे लक्षात आले. “तुझ्या खिडकीवर वाफ नाही दोन दिवस. आजारी आहेस का?”

“पाव खातेय.”

“संध्याकाळी?” तिने मी दारू प्यायला लागल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

मग वाचनालय. आमच्या पंचक्रोशीच्या वाचनालयात कॉम्प्युटर अडलेल्यांना मदत करतात. मी फोन केला.

“वेळ वेबसाइटवरून घ्यायची, बाई,” तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

“कॉम्प्युटर चालत नाही, म्हणून तर येतेय.”

“हो, बहुतेकांचं तेच असतं. पण वेळ वेबसाइटवरूनच.”

“आणि ज्याचा कॉम्प्युटर चालतो, तो येतो का तुमच्याकडे?”

“तो कशाला येईल?” तिने निरागसपणे विचारले.

शेवटी क्रिनाच्या टॅबलेटवरून वेळ घेतली. माझे जन्मसाल क्रिनाने मोठ्याने वाचून खात्री केली, खिडकी उघडी असताना. मग यंत्र शालीत गुंडाळून सायकलच्या पुढच्या पेटीत ठेवले आणि बांधावरून निघाले. वारा समोरून. अर्थात समोरून, आमच्याकडे तो जातानाही समोरून असतो आणि येतानाही. वाटेत भेटलेले तिघेजण म्हणाले, “अरे वा, तानेके, बाळ कुणाचं?”

वाचनालयात एक चष्मेवाले निवृत्त मास्तर होते. त्यांनी यंत्र लावले, निळी स्क्रीन काढली, आणि कॉफी निवायच्या आत डिस्का दोन्ही हजर!

“कंट्रोलरची सेटिंग चुकीची होती. दुरुस्त केली. घड्याळही मागं पडलं होतं, तेही लावून दिलं. बाकी काही झालेलं नाही.” शेवटचे वाक्य ते अशा हळुवारपणे म्हणाले की मला वाटले ते माझ्याबद्दलच बोलताहेत.

मी यंत्राची पिन काढली, शालीत गुंडाळले, वारा समोरून घेत घरी आणले, टेबलावर ठेवले, पिन लावली.

डिस्क सापडत नाही.

खाली बसले ती टोपी न काढताच. जगात कुठेही नेले तर हे यंत्र शहाण्यासारखे वागते आणि माझ्या घरात पाऊल ठेवले की आंधळे होते, याचा अर्थ काय घ्यावा माणसाने? घरात माझ्याशिवाय दुसरे होतेच कोण?

मारिनुस मात्र खुलला. “मास्तरानं सेटिंग बदलली ना? तरीही बंद? म्हणजे सेटिंगचा काही संबंध नाही. सिद्ध झालं! माझा दोष नाही.”

“तुझ्या शेजाऱ्याला सांग,” क्रिना म्हणाली, “गाय हरवलीये आणि हा गोठा बरोबर बांधला होता म्हणून नाचतोय.”

शुक्रवारी पाळक आले. सायकल कुंपणाला नीट टेकवली, पाय पुसले, बसले. ते असे न कळवता आले तेव्हाच मी समजले की क्रिना त्यांना भेटली.

“तानेकेबाई, तुम्ही उपास धरलाय असं कानावर आलं. आपल्यात तशी रीत नाही.”

“उपास नाही, पाळकसाहेब. पाव खाते.”

मग सगळे सांगावे लागले. नेम, गरम जेवण, युक्तिवाद. युक्तिवाद त्यांच्यासमोर आल्यावर कॉफीत बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला. ते बराच वेळ बिनसाखरेची कॉफी ढवळत राहिले.

“अध्याय तुम्ही स्वतःही वाचू शकता,” ते शेवटी म्हणाले. “शब्द तेच आहेत.”

“वाचीन. पण मी वाचत पुढे जाईन आणि यिलिस मागे राहील.”

उठताना एवढेच म्हणाले, “परवा रविवार आहे. सूप तर कराल ना?”

त्यांनी मुद्दाम म्हटले की सहज, देव जाणे. पण खरेच, रविवारी प्रार्थनेनंतर गरम सूप नाही असा रविवार या घराने पाहिलेला नाही. पावाची पळवाट शनिवारी रात्री संपत होती. आणि रविवारी यंत्र उघडून दुरुस्ती करणे हा तर विचारही करण्यासारखा नव्हता. जे व्हायचे ते शनिवारीच.

शनिवारी सकाळी मी हात धुतले, एप्रन बांधला आणि यंत्रासमोर बसले. मारिनुसने जी कळ दाबली होती ती लक्षात होती. देवाचे नाव घेऊन दाबत राहिले. निळी स्क्रीन आली. मी पहिल्यांदाच ती शांतपणे, कोणी खांद्यावरून बोलत नसताना पाहिली. कोपऱ्यात तारीख होती. पहिली जानेवारी. सालही कुठले तरी फार जुने, यिलिसचे केस काळे होते तेव्हाचे. बाहेर ट्यूलिपला कळ्या आल्यात आणि हे बापडे आमच्याकडे नववर्षाला तळतात ती गोड भजी खात बसलेले!

पण मास्तरांनी तर घड्याळ लावून दिले होते.

मग मी कंट्रोलरची सेटिंग शोधली. तीही पुन्हा बदललेली. म्हणजे सेटिंग मारिनुसने बरोबर केली होती, मास्तरांनीही केली होती, आणि दोन्ही वेळा हे यंत्र ते विसरले होते.

पिटरनेला नावाची माझी नणंद वृद्धाश्रमात असते. तिचा हात हातात धरून बसले की ती सगळ्यांची नावे सांगते. हात सोडून खिडकी लावायला उठले की परत येईपर्यंत मी कोण ते तिला नव्याने सांगावे लागते. मी त्या निळ्या स्क्रीनसमोर बसून पिटरनेलाचा विचार करत होते, आणि नजर हळूहळू वायरीवरून भिंतीतल्या पिनेकडे गेली.

हात कोण सोडत होते? मीच की! दर रात्री, आईने शिकवल्याप्रमाणे, प्रार्थनेच्या आधी.

मी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टकटक करून दोघांना बोलावले.

“पिन काढली की विसरतो?” मारिनुसने डोके खाजवले, झाकण उघडले आणि आत बोट घातले. “हं. ही बघ. आठवण ठेवायला एक छोटी बॅटरी असते. गोल.” ती काढून त्याने जिभेला लावली. “मेलीये. माळ्यावर पिन कधी निघाली नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. म्हणजे मी हात लावला नसता तरी, नुसतं खाली आणताना पिन काढली तेव्हाच…” त्याचा चेहरा उजळला. “माझा दोष नव्हताच!”

“होता,” मी म्हटले. “पण तो एकटा नव्हता.”

गावातले दुकान शनिवारी दुपारी बंद. शहरात जावे तर परत येईपर्यंत अंधार. मारिनुसने ती बटणाएवढी बॅटरी तळहातावर धरली आणि आम्ही तिघे तिच्याकडे पाहात उभे राहिलो.

“ही माझ्याकडे आहे,” क्रिना अचानक म्हणाली. “वजनकाट्यात.”

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिले. क्रिनाचा वजनकाटा काय चीज आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. रविवारच्या कॉफीचा केक ती शनिवारी दुपारी करते, आणि त्यातले लोणी, साखर, मैदा काट्याच्या आकड्यावर तोलल्याशिवाय पातेल्यात पडत नाही. अंदाजाने केक करणाऱ्या बायांबद्दल तिचे जे मत आहे ते मी लिहिणार नाही.

“आणि केक?” मी विचारले.

“होईल कसातरी,” ती म्हणाली, आणि गेली. परत आली तेव्हा मुठीत बॅटरी होती आणि गालावर मैदा.

मारिनुस ती बसवू लागला. क्रिना त्याच्या खांद्यावरून वाकली.

“मारिनुस, अधिकची खूण वर.”

“माहीत आहे, क्रिना.”

इतक्या वर्षांत ते माझ्यातून न जाता बोललेले पहिले शब्द होते ते. दोघांनाही ते कळले, आणि दोघेही त्या बॅटरीकडे असे एकटक पाहू लागले जणू तीच बोलली.

सेटिंग केली. घड्याळ लावले. डिस्का दिसल्या. पण आता आमच्यापैकी कोणाचाच कशावर विश्वास नव्हता. मी पिन काढली, आणि बटाटे सोलायला घेतले. आमच्याकडे जेवणाची वेळ झाली की पाहुणे उठतात. बटाटे माणशी मोजून सोललेले असतात, आणि कोणाला अवघडवणे बरे नाही. मारिनुस उठला, क्रिनानेही एप्रनची गाठ आवळली.

“बसा,” मी म्हटले. “तिघांचे सोललेत.”

बटाटे शिजले, कांदापात शिजली, खिडकीवर वाफ धरली. गल्लीला दिसली असेलच. यंत्राची पिन मी जेवायला बसण्याआधी लावली. ते उठले, डिस्का ओळखल्या, तारीख बरोबर सांगितली. मारिनुसने ताटाकडे पाहून हळूच डोळे पुसले आणि मोहरीची चटणी तिखट आहे म्हणाला. चटणी टेबलावर नव्हती.

जेवण झाल्यावर मी अध्याय लावला. आणि नेमका त्या दिवशी कुठला यावा? वंशावळीचा! अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका, संपता संपत नाही. यिलिसचा आवाज थकलेला, पण एकेक नाव सावकाश, नीट, कोणाचा अपमान होऊ नये असे घेत होता. मारिनुस खुर्चीत चुळबुळला, क्रिनाने त्याला टेबलाखालून लाथ मारली. अध्याय चालू असताना उठायचे नसते. मी हात जोडून बसले होते. बोट कळीवर ठेवायचे राहूनच गेले.

यिलिस आमेन म्हणाला.

मी कळीकडे हात नेला, पण यंत्र टेबलाच्या पलीकडच्या कडेला, मारिनुसच्या कोपरामागे होते. आणि आवाज थांबला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यिलिस खोकला. माळ्याची ती फळी वाजली, जी अजूनही वाजते. रेकॉर्डिंग बंद करायचे तो विसरत असे. आणि मी इतके दिवस आमेनवर बोट दाबून त्यापुढचे सगळे कापून टाकत होते.

मग खालून, स्वयंपाकघरातून, एका बाईचा आवाज आला. असा आवाज, की बांधावरच्या गायी वळून पाहाव्यात.

“यिलिऽऽस! बटाटे निवतायत! किती वेळा हाक मारू!”

क्रिनाने माझ्याकडे पाहिले. मारिनुसने छताकडे.

“तानेके,” क्रिना म्हणाली, “काय गं हा आवाज!”

पुरावा दोन डिस्कांवर होता, जोडीने.

जिन्यावर पावले वाजू लागली. सावकाश, कठड्याला धरत, एकेक पायरी खाली.

“आलो गं,” यिलिस म्हणाला. “आलो.”

टेबलावर थोडे बटाटे उरले होते. मी उठून त्यांवर झाकण ठेवले.